करवीर संस्थानातील राखीव जागांचा आदेश (१९०२)

कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटमधून जारी केलेला प्रशासकीय हुकूम. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात, असे त्यात फर्मावले होते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व ‘मागासलेले’, अशी व्याख्याही दिली होती. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त इंग्लंडमध्ये होते.

१८९४ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला, तेव्हा सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. नियमाने कोणालाच मज्जाव नव्हता. तरीही दफ्तर एकाच जातीच्या हाती राहिले होते. अशा वेळी सर्वांना सारखा नियम लावणे न्याय्य की अन्यायकारक, हा नैतिक पेच आदेशाच्या मुळाशी आहे.

आदेशाचे खरे बळ त्याच्या अंमलबजावणीच्या कलमात दिसते. ज्या कचेरीत मागासलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची आणि खातेप्रमुखांनी दर तिमाहीला नेमणुकांचे पत्रक पाठवायचे. हेतू उदात्त पण हिशेब कोणाकडेच नाही, असे इथे होऊ दिले नव्हते. लायक उमेदवार कुठून आणायचे, या आक्षेपाला वसतिगृहांनी उत्तर दिले. त्यांतील पहिली १९०१ मध्येच सुरू झाली होती. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १९१७ मध्ये आले, तर वंशपरंपरागत कुलकर्णी वतने १९१८ मध्ये रद्द होऊन पगारी तलाठी नेमले गेले.