'विष' हा शब्द डब्यावर कसा आला

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील पिट्सबर्ग या कोळशाच्या आणि पोलादाच्या शहरात शेव्हलिअर जॅक्सन नावाचा एक तरुण कंठविशारद गोरगरिबांत व्यवसाय करीत असे. अन्ननलिकेत उतरवून आतील भाग पाहता येईल अशी एक नळी त्याने १८९० मध्ये तयार केली होती. एके दिवशी त्याच्याकडे सातएक वर्षांची एक मुलगी आणली गेली. घरातील 'लाय', म्हणजे कॉस्टिक सोडा, तिने गिळला होता आणि आता पाण्याचा थेंबही तिच्या घशाखाली उतरत नव्हता. जॅक्सनने आत अडकलेला करडा गोळा बाहेर काढला. परिचारिकेने पाण्याचा पेला पुढे केला. मुलीने भीत भीत एक घोट घेतला, तो उतरला. दुसराही उतरला. तेव्हा तिने परिचारिकेचा हात हलकेच बाजूला सारला आणि डॉक्टरच्या हाताचे चुंबन घेतले. जॅक्सनच्या १९३८ सालच्या आत्मचरित्रात हा प्रसंग आला आहे.

ही लाय घरात आली कशी? लाकडाची राख आणि चरबी यांपासून घरीच साबण करण्याची तिकडे जुनी रीत होती. पुढे राखेची जागा कारखान्यात तयार झालेल्या सोड्याने घेतली, आणि घासण्याधुण्यापासून तुंबलेली मोरी मोकळी करण्यापर्यंत सर्व कामांस तो वापरला जाऊ लागला. ही पांढरी पूड मुलाने साखर समजून तोंडात टाकावी, यात नवल ते काय! असले दाहक क्षार मांसाला जणू विरघळवीत खोलवर शिरतात. जखम भरते, पण व्रण आकसतो, अन्ननलिका अरुंद होते आणि वाचलेले मूल अन्नावाचून झुरते. जॅक्सनने रोग्यांच्या घशांतून व श्वासनलिकांतून काढलेल्या नाणी, पिना, बटणे अशा २,३७४ वस्तू फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहेत. गिळलेली लाय अशी चिमट्याने काढता येत नाही. आकसलेली नलिका महिनोन्‌महिने थोडी थोडी रुंद करीत राहणे, एवढेच वैद्याच्या हाती उरते.

औषधांच्या दुकानातील विषाच्या बाटलीवर इशारा छापावा लागे. किराणा दुकानातील तितक्याच घातक डब्याला तसे बंधन नव्हते. ही विसंगती दूर व्हावी म्हणून जॅक्सनने अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या साह्याने वर्षानुवर्षे खटपट केली. प्रथम काही राज्यांनी कायदे केले, आणि ४ मार्च १९२७ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी 'फेडरल कॉस्टिक पॉयझन' कायद्यावर सही केली. घरगुती वापराच्या डब्यावर पदार्थाचे नाव, उत्पादकाचे किंवा विक्रेत्याचे नाव व पत्ता, अपघात घडल्यास करावयाचा उपचार आणि 'विष' हा शब्द, इतके आवश्यक ठरले. हा शब्द सामान्यतः किमान २४ पॉइंट, म्हणजे सुमारे एक-तृतीयांश इंच, आकाराच्या ठशात छापावयाचा होता. कायद्याच्या कलमात ठशाचे माप यावे, हे कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु सरकारी कागद ज्याने हाताळले आहेत त्यास ठाऊक असते की, 'सूचना द्यावी' एवढ्यावर भागविले, तर ती सूचना तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत जाऊन बसते.

उपचाराची ओळ मात्र पुढे बदलली. त्या काळी उतारा म्हणून व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पाजावयास सांगत. आज डॉक्टर ते करू देत नाहीत, आणि वांतीही करवीत नाहीत. कारण वांतीबरोबर तोच दाहक द्रव पोळलेल्या अन्ननलिकेतून पुन्हा वर येतो. तोंड धुऊन रोग्यास तत्काळ रुग्णालयात नेणे, हेच योग्य समजले जाते. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला उतारा येथे कामाचा नाही. हातातील डब्यावरचाच मजकूर वाचावा लागतो, आणि तोही डबा उघडण्यापूर्वी.

अमेरिकेत १९६० साली घातक पदार्थांच्या लेबलांसाठी अधिक व्यापक कायदा झाला. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या मुलांना वाचता कोठे येते? म्हणून १९७० च्या कायद्याने लहान मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशी झाकणे आणली. मात्र झाकण काय आणि अक्षर काय, दोन्ही मूळ बाटलीपाशीच राहतात. भारतात कित्येक घरांतून संडास धुण्याचे ॲसिड सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून मोरीच्या कोपऱ्यात ठेवलेले दिसते. बाटलीवर फळाचे रंगीत चित्र तसेच असते.