गॉटलंड
गॉटलंड : स्वीडनचे सर्वांत मोठे बेट आणि त्याच नावाचा ऐतिहासिक प्रांत. बाल्टिक समुद्रात स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्यापासून सु. ९० किमी. अंतरावर ते वसलेले आहे. फॉरो, गॉट्स्का सांडन, स्टूरा कार्ल्सो, लिला कार्ल्सो इ. लहान बेटांचा प्रांतात समावेश होतो. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सु. ३,००० चौ. किमी.; कमाल रुंदी सु. ५२ किमी. प्रांताची लोकसंख्या सु. ६१,००० (२०२२). पश्चिम किनाऱ्यावरील व्हिस्बी हे प्रमुख शहर, बंदर व प्रशासकीय केंद्र आहे.

भूवर्णन : सु. ४३ कोटी वर्षांपूर्वी, सिल्युरियन कालखंडात, विषुववृत्तानजीकच्या उथळ व उष्ण समुद्रात साचलेल्या चुनखडकाचे हे बेट बनलेले आहे. त्या समुद्रातील प्रवाळभित्तींचे अवशेष आजही किनाऱ्यावर विपुल आढळतात. मऊ थर झिजून कठीण प्रवाळखडक तेवढे उभे राहिल्याने ठिकठिकाणी विचित्राकृती शिलास्तंभ निर्माण झाले असून त्यांना स्थानिक भाषेत ‘राउक’ म्हणतात. बेटाचा पृष्ठभाग सपाट असून सर्वोच्च भाग जेमतेम ८२ मी. उंचीचा आहे. नद्या लहान आहेत. मातीचा थर पातळ व खडक भेगाळलेला असल्याने पाण्याचा साठा फारसा टिकत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात टंचाई जाणवते. हिवाळे सागरसान्निध्यामुळे मुख्य भूमीच्या मानाने सौम्य असतात. पाइनची वने, आळूबाळूच्या वंशातील झुडपे, अनेक जातींची ऑर्किडे आणि कार्ल्सो बेटांवरील समुद्रपक्ष्यांच्या वसाहती उल्लेखनीय आहेत. प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस याने १७४१ मध्ये येथे प्रवास करून वनस्पतींच्या व लोकजीवनाच्या नोंदी केल्या.

इतिहास : अश्मयुगापासून येथे वस्ती असल्याचे पुरावे मिळतात. ब्राँझयुगातील दगडांच्या भव्य राशी व नौकेच्या आकारात मांडलेले दगड बेटावर अनेक ठिकाणी आहेत. इ. स. सु. ४०० ते ११०० या काळात कोरलेल्या चित्रशिला हे गॉटलंडचे वैशिष्ट्य होय. त्यांवर नौका, घोडेस्वार, युद्धे व पौराणिक प्रसंग चितारलेले आहेत. तेराव्या शतकातील ‘गूटासागा’ या ग्रंथात बेटाची उत्पत्तिकथा येते. हे बेट दिवसा समुद्रात बुडत असे व रात्री वर येई. थ्येल्व्हार नावाच्या पुरुषाने तेथे प्रथम अग्नी नेल्यावर ते कायमचे स्थिर झाले, अशी ती कथा आहे.

व्हायकिंग युगात गॉटलंडचे शेतकरी हेच व्यापारीही होते. येथे राजा अगर प्रबळ सरदारवर्ग नव्हता. सभांमधून निर्णय घेतले जात. स्वीडनच्या राजाला हे लोक दरवर्षी ठराविक चांदी देत व त्या बदल्यात त्यांना संरक्षण व व्यापाराची मोकळीक मिळे. रशियातील नद्यांच्या मार्गाने अरब जगातील चांदी येथे येऊन पोहोचली. बेटावर चांदीचे ७०० हून अधिक पुरलेले साठे सापडले आहेत. १९९९ मध्ये स्पिलिंग्ज येथे मिळालेल्या साठ्यात सु. ६७ किग्रॅ. चांदी व १४,००० हून अधिक नाणी होती. त्यांतील बहुतेक नाणी इस्लामी असून, मोझेस हा ईश्वराचा प्रेषित असल्याचा लेख असलेले एक खजर नाणेही त्यांत होते. हे धन व्यापारातून आले, की खंडणी व लुटीतून, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत; तथापि नाणी तोडून वजनावर वापरली जात होती, हे तुकड्यांवरून स्पष्ट होते.

बाराव्या शतकापासून जर्मन व्यापारी व्हिस्बीत स्थायिक होऊ लागले. ११६१ मध्ये सॅक्सनीच्या हेन्री द लायनने गॉटलंडच्या व्यापाऱ्यांना सवलती दिल्या. पुढे व्हिस्बी हे हॅन्सिॲटिक संघाचे एक मुख्य केंद्र बनले. [→ हॅन्सिॲटिक संघ]. शहराच्या भरभराटीबरोबर शहर व ग्रामीण भाग यांच्यातील वैर वाढले. १२८८ मध्ये त्यांच्यात यादवी युद्ध झाले. शहराची सु. ३·४ किमी. लांबीची तटबंदी बाहेरील शत्रूंइतकीच बेटावरील शेतकऱ्यांनाही दूर ठेवणारी होती. या दुहीचे भीषण फळ १३६१ मध्ये दिसून आले. डेन्मार्कचा राजा चौथा व्हाल्डेमार याने बेटावर स्वारी केली. २७ जुलै रोजी तटाबाहेर शेतकऱ्यांच्या सेनेचा निःपात होऊन सु. १,८०० माणसे मारली गेली. शहराचे दरवाजे मात्र बंदच राहिले. दोन दिवसांनी नागरिकांनी ते विजेत्यासाठी उघडले. १९०५ नंतर झालेल्या उत्खननांत सामूहिक दफनांमधून सु. १,१८५ सांगाडे मिळाले. त्यांत अगदी कोवळ्या वयाची मुले व वृद्ध यांचे प्रमाण लक्षणीय आहे. अनेकांना चिलखतांसह पुरले असल्याने मध्ययुगीन युद्धसामग्रीच्या अभ्यासास या उत्खननाचे महत्त्व असाधारण आहे.

त्यानंतर बेटाचा ऱ्हास होत गेला. व्यापारी नौका व्हिस्बीला वळसा घालून थेट जाऊ लागल्या होत्या. १३९४ पासून व्हिटालियन चाच्यांनी, १३९८ ते १४०८ पर्यंत ट्यूटॉनिक सरदारांनी व त्यानंतर डेन्मार्कने बेटावर सत्ता गाजविली. १५२५ मध्ये ल्यूबेकच्या सैन्याने शहराचा काही भाग जाळला. १६४५ च्या ब्रॉम्सेब्रो तहाने गॉटलंड स्वीडनकडे आले. १६७६–७९ मध्ये डेन्मार्कने व १८०८ मध्ये काही आठवडे रशियाने ते व्यापले होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये बाल्टिक देशांतून अनेक निर्वासित नावांनी येथे आले. शीतयुद्धानंतर २००५ मध्ये बेटावरील लष्करी तुकडी मोडण्यात आली. परंतु परिस्थिती बदलल्याने २०१८ मध्ये तेथील रेजिमेंट पुन्हा उभारण्यात आली. स्वीडन २०२४ मध्ये नाटोचा सदस्य झाल्यावर बेटाचे सामरिक महत्त्व आणखी वाढले.

लोकजीवन व संस्कृती : गूटी ही जुनी बोली आता थोड्या लोकांच्या तोंडी उरली आहे, तेराव्या शतकातील ‘गूटालाग’ हा कायदेग्रंथ तिच्या प्राचीन स्वरूपाचा महत्त्वाचा पुरावा होय. बेटावर ९० हून अधिक मध्ययुगीन चर्चवास्तू वापरात आहेत. चौदाव्या शतकानंतर समृद्धी सरल्यामुळे त्या पाडून नव्या बांधण्याचे सामर्थ्य लोकांजवळ उरले नाही, आणि त्यामुळेच त्यांचे मूळ रूप टिकले. व्हिस्बीतील सेंट मेरी कॅथीड्रलचे अर्पणविधी १२२५ मध्ये झाले. शहरातील इतर मध्ययुगीन चर्चांचे मात्र केवळ भग्नावशेष उरले आहेत. १९९५ मध्ये युनेस्कोने व्हिस्बीस जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले. केशर घालून केलेला भाताचा गोड पदार्थ, ‘रुस’ जातीचे लहान घोडे, शिंगाळ मेंढ्या व ‘व्हार्पा’ हा दगडफेकीचा खेळ ही येथील वैशिष्ट्ये. चित्रपट दिग्दर्शक इंगमार बेरिमन फॉरो बेटावर राहत असे. २००७ मध्ये त्याचे निधन तेथेच झाले.

शेती, मेंढपाळी, चुनखडक व पर्यटन हे प्रमुख व्यवसाय आहेत. स्लीटे येथील कारखाना स्वीडनला लागणाऱ्या सिमेंटचा फार मोठा भाग पुरवितो. खाणकामामुळे भूजलावर होणाऱ्या परिणामाच्या प्रश्नावरून त्याच्या परवान्याचा वाद २०२१ मध्ये न्यायालयात व शासनात गाजला. ज्या खडकाने बेटाला रूप, चर्चे व तट दिले, त्याच खडकात साठणाऱ्या पाण्याचे रक्षण ही आता येथील मुख्य समस्या बनली आहे.