नांगराची निशाणी

शेतकऱ्याच्या दारी संधी आणि कर्ज एकाच गाडीतून येतात, असे इतिहास वाचताना आम्हांस पुनःपुन्हा जाणवते. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत भाव भडकले. दख्खनच्या खेड्यांत पैसा खेळू लागला. सावकाराचा हात सैल झाला. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. सारा मात्र तेजीच्या हिशेबाने वाढवला गेला.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले. त्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर होता; ते हिसकावून जाळले गेले. साहित्याच्या अभ्यासकांनी इथे क्षणभर थांबावे. ज्या मजकुराखाली कुणब्याने नांगराची निशाणी केली, तो त्याला वाचताच येत नव्हता. 1883 साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा शेतकऱ्याच्या दुर्दशेचा विचार त्यांनी अविद्येपासून सुरू केला. तो केवळ उपदेश नव्हे, असे आमचे मत आहे. सुप्याची राख तेव्हा फार जुनी झाली नव्हती.

2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. आरंभी बोंडअळी हटली. 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. त्याच वर्षी राज्याने कर्जमाफी दिली. तिचा अर्ज संगणकावर भरायचा होता, आणि अनेकांसाठी तो भरणारा हात पुन्हा दुसऱ्याचाच होता.