मेजावरचें आरमार आणि त्याची छावणी

भिवंडी हें नांव उच्चारलें कीं आज कोणाच्याहि डोळ्यांपुढें यंत्रमाग येतात, आणि मुंबई-नाशिक रस्त्याच्या बाजूस पसरलेलीं प्रचंड गोदामें येतात. दूरदूरचा माल तेथें उतरतो, खोक्यांत भरला जातो, फळ्यांवर रचला जातो आणि पुन्हां गांवोगांवीं रवाना होतो. वस्तु जपून ठेवणें व न मोडतां पोंचविणें हा या गांवाचा आजचा मोठा व्यवसाय होय. परंतु साडेतीनशें वर्षांपूर्वीं याच भागांतील खाडीकांठीं एक निराळा उद्योग चालला होता. तेथें लढाऊ जहाजें बांधलीं जात होतीं. त्या जहाजांची स्मृति चिमटींत मावणाऱ्या नमुन्यांच्या रूपानें मेजावर मांडतां येते, आणि जुन्या नाविक लढाया त्यांच्या साहाय्यानें पुन्हां खेळून पाहतां येतात. हीं चिमुकलीं तारवें ठेवावीं कशीं आणि न्यावीं कशीं, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. इतिहासाकडे पाहिलें असतां तो तसा नाहीं.

इ. स. १६५७ मध्यें कल्याण व भिवंडी हीं ठाणीं शिवाजी महाराजांच्या हातीं आलीं आणि स्वराज्याची सीमा खाडीस भिडली. दोनच वर्षांत, १६५९ सालीं, भिवंडी, कल्याण व पनवेल या बाजूस महाराज लढाऊ जहाजें बांधीत असल्याची चिंता पोर्तुगीजांच्या पत्रव्यवहारांत उमटूं लागली. या कामीं रुय लैतांव व्हिएगस नांवाचा एक पोर्तुगीज नेमला होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्याचें मन वळवून त्याला परत नेलें. तरीहि काम थांबलें नाहीं. आरमार वाढतच गेलें.

जहाज बांधणें ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी म्हणजे तें सांभाळणें. हें मर्म रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रांत ओळखलेलें दिसतें. पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा करावा, असें तेथें सांगितलें आहे. त्याबरोबरच पावसाळ्यांत आरमाराची छावणी कोठें व कशी करावी, याचेहि नियम दिले आहेत. आगोटीच्या आधींच जहाजें सुरक्षित बंदरांत न्यावीं; तें बंदर किल्ल्याच्या आश्रयाचें असावें; आणि रयतेस उपद्रव होऊं नये म्हणून दरवर्षीं एकाच बंदरांत छावणी करूं नये. कोंकणचा कोळी आजहि पावसाळ्यापूर्वीं आपली होडी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतो, आणि नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हां पाण्यांत लोटतो. जहाजाचें आयुष्य समुद्रावर जितकें ठरतें, तितकेंच तें या छावणींत ठरतें.

आतां मेजावरच्या आरमाराकडे वळूं. स्कॉटलंडमध्यें जॉन क्लार्क ऑफ एल्डिन नांवाचे एक गृहस्थ होऊन गेले. ते दर्यावर्दी नव्हते. परंतु जहाजांचे लहान लहान नमुने मेजावर मांडून, ते हालवून, त्यांनीं नाविक डावपेंचांचा अभ्यास केला, आणि १७८२ सालीं त्याविषयीं आपला ग्रंथ छापला. नमुने हवे तसे मांडतां येतात आणि मांडलेली स्थिति डोळ्यांपुढें स्थिर राहते. त्यामुळें वादाला जागा उरत नाहीं, असा त्यांचा अनुभव होता. पुढें १८९८ सालीं फ्रेड जेन या इंग्रज गृहस्थानें नाविक युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला. १९४० मध्यें अमेरिकेंत फ्लेचर प्रॅट या लेखकाचे नियम छापले गेले. त्या खेळांत नमुने जमिनीवर मांडीत आणि पन्नास फुटांस एक इंच असें प्रमाण धरीत. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ पासून, लिव्हरपूल येथें कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखालीं असाच खेळ खोलीच्या जमिनीवर चालला. तेथें नौदलाच्या अधिकाऱ्यांनीं जर्मन पाणबुड्यांशीं कसें लढावें याचे धडे घेतले. अटलांटिकवर तांड्यानें जाणाऱ्या जहाजांचे प्राण वांचविण्यास त्या धड्यांचा उपयोग झाला. खेळ म्हणून त्याला हंसण्याचें कारण नाहीं.

हाच खेळ मराठी इतिहासाला लावून पाहावा. १८ ऑक्टोबर १६७९ रोजीं खांदेरीजवळ मराठ्यांचें आरमार दौलतखानाच्या हुकमतीखालीं इंग्रजांवर चालून गेलें. इंग्रजांकडे 'रिव्हेंज' धरून अवघीं आठ जहाजें होतीं, मराठ्यांकडे पन्नास-साठ. मराठ्यांचीं गलबतें वल्ह्यांवरहि चालत. इंग्रजांचीं मोठीं जहाजें वाऱ्यावर अवलंबून. त्या दिवशीं इंग्रजांच्या 'डव्ह' नांवाच्या गुराबेनें निशाण उतरविलें, बाकीचीं जहाजें मागें हटलीं, आणि 'रिव्हेंज' एकटी झुंजत राहिली. ही लढाई मेजावर मांडावयाची तर एका बाजूस आठ आणि दुसऱ्या बाजूस पन्नास-साठ नमुने हवेतच. वाटेंत डोलकाठ्या मोडून त्यांतलीं वीस गलबतें पेटींतच राहिलीं, तर मेजावरची खांदेरी ही खांदेरी राहत नाहीं. संख्याबळ हाच त्या डावाचा प्राण होता.

म्हणून पेटीचा विचार खेळाच्या नियमांइतकाच महत्त्वाचा. शंभर फुटांस एक इंच असें प्रमाण धरलें तर साठ फुटांचें गलबत अर्ध्या इंचाहून थोडेंसेंच मोठें होतें. त्याची डोलकाठी सुईसारखी. अशा नमुन्यांची पेटी खोल नसावी; तिच्यांत एकावर एक बसणारीं उथळ तबकें असावीं, आणि तबकाची उंची सर्वांत उंच डोलकाठीहून बोटभर अधिक असावी. प्रत्येक नमुन्याखालीं लहानशी बैठक असावी. बैठकीच्या तळाशीं चुंबक चिकटविला आणि तबकाच्या तळाशीं लोखंडी पत्रा बसविला, म्हणजे पेटी कलली तरी नमुना जागचा हालत नाहीं. कापूस मात्र वापरूं नये. त्याचे धागे दोरांत व शिडांत अडकतात, आणि सोडवितांना डोलकाठीच हातांत येते. नमुना उचलतांना बैठकीस धरावें, शिडास कधींहि धरूं नये.

दुसरा शत्रु हवेंत असतो. कित्येक नमुने शिशाचे ओतलेले असतात. कांहीं लांकडांतून, विशेषतः ओकच्या लांकडांतून, तसेंच ओल्या रंगांतून व गोंदांतून आंबट वाफ सुटते. बंद पेटींत ती कोंडली आणि तिला दमटपणाची जोड मिळाली, म्हणजे शिशावर पांढरी भुकटी धरूं लागते व नमुना आंतून खाल्ला जातो. ती भुकटी विषारी असते. हात लागल्यास ते स्वच्छ धुवावे. कोंकणच्या पावसाळ्यांत ही भीति अधिक. रंग पुरता वाळल्यावांचून नमुना पेटींत घालूं नये. शोभेची लांकडी पेटी करण्यापेक्षां पत्र्याची पेटी बरी, आणि ती अधूनमधून उघडून पाहावी.

प्रवासाचें शास्त्रहि साधें आहे. एखाद्या शिक्षकाला भिवंडीहून एस. टी. नें कल्याणास आणि तेथून लोकलनें मुंबईस पेटी न्यावयाची असेल, तर ती वरच्या फळीवर न टाकतां मांडीवर आडवी धरावी. शिशाचीं जड जहाजें खालच्या तबकांत, हलकीं गलबतें वरच्या तबकांत ठेवावीं. दोन नमुने एकमेकांस खेटून ठेवूं नयेत.

हा शेवटचा नियम लहान दिसतो. पण खऱ्या आरमाराच्या इतिहासांत अशाच खेटून ठेवण्याची किंमत फार मोठी द्यावी लागली. फेब्रुवारी १७५६ मध्यें इंग्रजांचें आरमार वॉटसनच्या हाताखालीं विजयदुर्गावर आलें. जमिनीवर पेशव्यांची फौज होती. तुळाजी आंग्र्यांचें आरमार किल्ल्याच्या आश्रयास, एकमेकांशीं बांधून, दाटीनें उभें होतें. 'रेस्टोरेशन' नामक जहाजावर तोफेचा गोळा पडून आग लागली. एकाची आग दुसऱ्यानें घेतली, दुसऱ्याची तिसऱ्यानें, आणि पाहतां पाहतां जवळजवळ सारें आरमार भस्मसात् झालें. कान्होजींच्या काळापासून ज्यानें पश्चिम किनाऱ्यावर दरारा बसविला होता, तें आरमार भर समुद्रांतील झुंजींत बुडालें नाहीं. तें आपल्याच बंदरांत जळालें.

भिवंडीच्या खाडींत उतरलेल्या त्या पहिल्या जहाजांपैकीं एकहि आज पाहावयास मिळत नाहीं. जुनीं चित्रें, परकीयांचीं पत्रें व दरबारी कागद यांवरूनच त्यांचें रूप जुळवावें लागतें. यास्तव प्रत्येक पेटींत एक चिठी अवश्य असावी. तिच्यावर तारवाची जात, नमुन्याचें प्रमाण आणि कोणत्या चित्रावरून वा कागदावरून तो केला हें लिहावें. जेथें केवळ अनुमान असेल तेथें 'अनुमान' असें स्पष्ट लिहावें. नाहीं तर एका पिढीचा तर्क पुढच्या पिढीस पुरावा वाटूं लागतो. पेटी आगोटीपूर्वीं कोरड्या जागीं ठेवावी, नारळी पौर्णिमेस उघडावी, गलबतें मोजावीं, मोडलें असेल तें दुरुस्त करावें, आणि घरांतील मुलांस मेजाभोंवतीं बोलावून खांदेरीची लढाई एकदां मांडून दाखवावी.