आप्पा, बेतवा आणि वास्कोची आत्ती

आमच्या बेळगावात फौजी म्हणजे मराठा इन्फंट्रीचा. आप्पा नेव्हीत होते म्हटलं की लोक हसायचे, "समुद्र कुठाय हो आपल्याकडं?" शहापुरातला हा पोरगा १९५४ ला भरती झाला, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत इंजिनकाम शिकला आणि पुढं बेतवा या फ्रिगेटवर गेला.

त्यांची थोरली बहीण, आमची आत्ती, त्याआधीच वास्कोला दिलेली. १९५५ मध्ये पोर्तुगिजांनी सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या, मग भारतानं हद्द बंद केली. लोंढा-कॅसलरॉकची गाडीही थांबली. आज्जीला लेकीचं एकही बाळंतपण करता आलं नाही. हे दुःख तिनं शेवटपर्यंत सांगितलं.

१८ डिसेंबर १९६१. बेतवा आणि बियास मुरगाव बंदराच्या तोंडाशी, आत पोर्तुगिजांची अफोन्सो द अल्बुकर्क. दुपारी बाराच्या सुमाराला तोफा सुरू झाल्या. सिनेमात दाखवतात तसलं आप्पांनी काहीच बघितलं नाही. ते खाली डिझेल इंजिनांपाशी. वर साडेचार इंची तोफ उडाली की पायाखालचा पत्रा थरथरायचा, तेवढंच कळायचं. डोक्यात एकच, बंदराला लागून वास्को आणि वास्कोत अक्का. अफोन्सोचा कप्तान जखमी झाला, जहाज किनाऱ्याच्या वाळूत घातलं. त्याच दिवशी अंजदीव बेटावर आपले सात नौसैनिक गेले. पुढं कधीही कारवारकडं गेलो की आप्पा गाडी थांबवून त्या बेटाकडं बघत उभे राहायचे. बोलायचे मात्र नाहीत.

१९६२ च्या मे महिन्यात आत्ती पोरांना घेऊन माहेरी आली. आज्जीला म्हणाली, "त्यादिवशी खिडक्या थडथड उडुलालत्या बघ. पोरांना पोटाशी धरून कॉटखाली बसले." मग आप्पांना, "तू कुठं होतास रे?"

"ड्युटीवर."

खरं सांगायला त्यांना बरीच वर्षं लागली. नेव्ही सोडून उद्यमबागेत फौंड्रीत लागल्यावर, एका भाऊबीजेला, पाटावर बसल्या बसल्या सांगितलं. मी सहा-सात वर्षांचा, शेजारीच. आत्तीच्या हातात ताट तसंच. निरांजन विझायला आलं तेव्हा म्हणाली, "घरासमोर येऊन गेलास, आणि चहाला आला नाहीस होय?"

मग दोघंही रडली. आज्जी आतून ओरडत होती, बासुंदी लागुलालीय म्हणून.

तुमच्याकडंही तेव्हा गोव्याला दिलेल्या लेकी असतील. आठवत असेल तर लिहा.