मॅक्किन्लेची जकात

संरक्षक जकातीने देश सधन होतो की दरिद्री, हा वाद अर्थशास्त्रज्ञांनी खुशाल घालावा. आम्हांस येथे अमेरिकेचा एक दाखला पाहावयाचा आहे. विल्यम मॅक्किन्ले यांच्या नावाने ओळखला जाणारा जकातीचा कायदा १८९० च्या ऑक्टोबरात अमलात आला, आणि करपात्र आयात मालावरील सरासरी जकात शेकडा ५० च्या घरात गेली. अवघ्या महिन्याने निवडणूक आली. कायद्याचे बरेवाईट फळ दिसण्यास एवढा अवधी पुरेसा नव्हता. परंतु भाव चढण्याच्या नुसत्या धास्तीने गिऱ्हाईक बिथरले. सत्तारूढ रिपब्लिकन पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील जागा जवळजवळ निम्म्यावर आल्या. खुद्द मॅक्किन्लेही पडले. अर्थात् त्यांच्या मतदारसंघाच्या सीमा प्रतिपक्षाने आधीच फिरवून ठेवल्या होत्या, हेही विसरता कामा नये. १८९२ मध्ये अध्यक्ष हॅरिसन यांचीही तीच गत झाली.

तथापि जकातीने काहीच साधले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. कथील चढविलेला पत्रा तोवर बहुतेक वेल्सहून येई. त्यावर जबर कर बसताच अमेरिकेत कारखाने उभे राहिले, व दहा वर्षांच्या आत देशी पत्र्याने वेल्सच्या पत्र्यास बाजारातून बहुतांशी हुसकावले. मधल्या काळात पत्र्याच्या भांड्यांचे जादा दाम मात्र गृहिणीने मोजले. पुढे १८९३ ची मंदी प्रतिपक्षाच्या माथी बसली, आणि १८९६ मध्ये त्याच मॅक्किन्ले यांस लोकांनी अध्यक्ष निवडले.