विकिपीडियाची पायाभरणी

मार्च २००० मध्ये नुपीडिया सुरू झाला, तेव्हा त्याची आखणी कागदावर तरी भक्कम होती. अमेरिकेत सॅन डिएगोला जिमी वेल्स यांची बोमिस ही इंटरनेट कंपनी होती. तिने खर्च उचलला आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक लॅरी सँगर यांना पूर्णवेळ संपादक नेमले. सर्वांना फुकट वाचता येईल असा ज्ञानकोश इंटरनेटवर उभारायचा होता. लेख जाणकाराने लिहायचा आणि मग त्याने सात पायऱ्या चढायच्या: विषयवाटप, मुख्य परीक्षकाची निवड, त्याचे परीक्षण, खुले परीक्षण, भाषिक संस्करण, खुले संस्करण आणि शेवटी मान्यता. पहिला लेख या साऱ्यातून पार पडला तो पाश्चात्त्य संगीतातल्या अटोनॅलिटी या संकल्पनेवरचा, ख्रिस्टोफ हुस्ट या जर्मन संगीत-अभ्यासकाचा. पुढच्या तीन वर्षांत मान्यतेपर्यंत पोचलेले लेख पंचवीसच्या आसपासच राहिले.

काटेकोरपणामुळे नुपीडिया बुडाला, असे सरसकट सांगितले जाते. मला ते पटत नाही. तपासणी हवीच होती. ती लेखनाच्या आधी येऊन बसली, हे बिघडले. कोऱ्या पानावर कोणी दोन ओळी लिहायला धजत नव्हते, कारण त्या दोन ओळींनाही सातही पायऱ्या चढायच्या होत्या.

ही गाठ सोडवणारे साधन प्रोग्रामर मंडळींकडे आधीपासून होते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये असे संकेतस्थळ उघडले होते, की वाचता वाचता कोणीही त्यातले पान बदलू शकेल. तीच युक्ती वापरून नुपीडियाच्या मसुद्यांसाठी एक मोकळे अंगण करावे, असे सँगर यांनी जानेवारी २००१ मध्ये सुचवले. नुपीडियाच्या परीक्षकांना हे अंगण आपल्या नावाशी जोडायला नको होते. त्यामुळे १५ जानेवारी २००१ रोजी त्याचे विकिपीडिया हे वेगळे नाव आणि वेगळा पत्ता झाला. वर्षअखेरीस तिथे वीस हजारांच्या घरात लेख होते आणि इंग्रजीबाहेरच्या भाषांमध्येही काम सुरू झाले होते.

त्या वेळचा पाया मात्र कच्चा होता. क्लिफर्ड ॲडम्स यांचे यूजमॉडविकी हे छोटे, साधे सॉफ्टवेअर वापरात होते आणि पानांच्या जुन्या आवृत्त्या ते काही काळाने टाकून देत असे. त्यामुळे पहिल्या महिन्यांतले पुष्कळ बदल कायमचे गेले असेच मानले जात होते. डिसेंबर २०१० मध्ये प्रोग्रामर टिम स्टार्लिंग यांना जुन्या साठ्याच्या काही प्रती सापडल्या, तेव्हा तो काळ परत वाचता आला.

कोलोन विद्यापीठात जीवशास्त्र शिकणारे माग्नुस मान्स्के यांनी खास विकिपीडियासाठी पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत नवे सॉफ्टवेअर लिहिले, ते जानेवारी २००२ मध्ये चालू झाले. वाचकांचा भार वाढला तसे तेही धापा टाकू लागले. मग ली डॅनियल क्रॉकर यांनी त्याची नव्याने बांधणी केली आणि जुलै २००२ पासून ती वापरात आली. पुढे तिला मीडियाविकी हे नाव मिळाले. पानाचा इतिहास आता कायम राहिला. कोणी काय बदलले, केव्हा बदलले हे सगळ्यांना दिसू लागले आणि नासवलेले पान पूर्ववत करायला नासवण्यापेक्षाही कमी वेळ पुरू लागला. अनोळखी माणसाच्या हाती पान देण्याची हिंमत आली ती इथून. माणसे चांगली असतात एवढ्या भरवशावर हे काम चालले, असे म्हणणे त्या प्रोग्रामरांच्या कष्टांवर अन्याय करणारे आहे.

याहून खोल गेलेला चिरा परवान्याचा. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांच्या आग्रहामुळे नुपीडियाने जानेवारी २००१ मध्ये ग्नू मुक्त दस्तऐवज परवाना स्वीकारला आणि विकिपीडियालाही तोच लागू झाला. मजकूर कोणीही घ्यावा, बदलावा, छापावा, विकावाही. फक्त लेखकांचे श्रेय आणि पुढच्याचा तोच हक्क राखावा. तेव्हा हे कलम कोणाला फारसे महत्त्वाचे वाटले नसेल. वर्षभरात त्याची कसोटी लागली.

फेब्रुवारी २००२ मध्ये, विकिपीडियावर पुढेमागे जाहिराती येतील अशी शक्यता बोलून दाखवली गेली. फुकट राबायचे आपण आणि कमाई बोमिस कंपनीची, हे स्पॅनिश भाषेत लिहिणाऱ्यांना रुचले नाही. त्यांच्यातले बहुतेक जण आपला सगळा मजकूर घेऊन निघाले आणि सेव्हिया विद्यापीठाच्या सर्व्हरवर त्यांनी स्वतंत्र ज्ञानकोश थाटला. परवान्याने त्यांना तो हक्क दिलेलाच होता. स्पॅनिश विकिपीडिया त्यानंतर बराच काळ ओस पडल्यासारखा होता. पण या फुटीने पुढची दिशा पक्की केली. ऑगस्ट २००२ मध्ये पत्त्यातले व्यापारी 'डॉट कॉम' जाऊन 'डॉट ऑर्ग' आले. २० जून २००३ रोजी विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि विकिपीडियाची मालकी तिच्याकडे आली. खर्च वाचकांच्या देणग्यांतून भागू लागला. जाहिराती आजही नाहीत. सगळे घेऊन निघून जायची मुभा ज्यांना असते, त्यांचे ऐकावे लागते. लोकांच्या श्रमावर शिकण्याची जागा उभारणाऱ्या प्रत्येकाने ही मुभा पहिल्या दिवशी लिहून द्यावी, असे मला कळकळीने वाटते.

त्याच वर्षी, १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. तेव्हा इंटरनेटवरचे मराठी निरनिराळ्या फॉन्टांत अडकलेले होते; एका दैनिकाचा फॉन्ट उतरवून घेतला तरी दुसऱ्याचे पान वाचता येत नसे. फॉन्टवर न अडणाऱ्या युनिकोडमध्ये टंकलेखन कसे करायचे, इथून नवागताला शिकवावे लागे. मोजक्या स्वयंसेवकांनी लेखांच्या बरोबरीने या घराची व्यवस्थाही मराठीत लावली: सर्वांनी बोलायची चावडी, सरावासाठी धूळपाटी, रटाळ कामे आपोआप उपसणारे सांगकामे (बॉट), मतभेद मिटवायला कौल. इंग्रजीतून आयता आलेला सांगाडा त्यांनी वापरता येण्याजोगा केला. त्या मंडळींची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही, ती निघायला हवी.

मोकळ्या दाराचा तोटाही पुढे दिसला. २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर अमेरिकी पत्रकार जॉन साइगेन्थालर यांच्याविषयी कोणीतरी धादांत खोटे लिहिले आणि ते काही महिने तसेच राहिले. त्यानंतर तिथे खाते नसलेल्यांना नवे पान तयार करण्यास बंदी झाली आणि हयात व्यक्तींविषयी लिहिण्याचे नियम कडक झाले. नुपीडियाने लेखनाच्या आधी मांडलेली तपासणी ही अशी, लेखनानंतर आणि लोकांच्या हातून, परत येत गेली.

ग्नू परवान्याची एक अडचण मात्र उरली होती. तो मुळात सॉफ्टवेअरच्या पुस्तिकांसाठी लिहिलेला, त्यामुळे लेखाच्या प्रतीसोबत परवान्याचा पूर्ण मजकूर द्यावा लागे. दोन पानी लेख वर्गात वाटायचा, तर त्याला कित्येक पाने कायदा जोडायचा. २००९ मध्ये याविषयी सदस्यांचे मतदान झाले, कौल मोठ्या फरकाने बदलाच्या बाजूने पडला आणि त्या वर्षी जूनपासून सर्व भाषांतला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आला. तेव्हापासून मराठी लेख छापून मुलांच्या हाती देणाऱ्या शिक्षकाला स्रोताचा पत्ता आणि परवान्याचा उल्लेख खाली लिहिला की पुरते.